निगेटिव्ह रिपोर्ट नेमका कोणत्या तारखेपर्यंतचा? एचआयव्ही रॅपिड टेस्ट पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

एचआयव्हीची रॅपिड टेस्ट भरवशाची आहे. बोटाच्या टोकाला टोचून थेंबभर रक्त घेतात आणि अर्ध्या तासाच्या आत उत्तर मिळतं. मुंबईत सरकारी आणि महापालिकेच्या केंद्रांवर ती फुकट होते. पण एक गोष्ट तिला दिसत नाही, ती म्हणजे नुकताच झालेला संसर्ग. काल-परवाचाच नव्हे, दोन-तीन आठवड्यांपूर्वीचा संसर्गही तिच्या नजरेतून निसटू शकतो. यात किटचा दोष नसतो आणि टेक्निशियनचाही नसतो. ती टेस्ट ज्या गोष्टीचा शोध घेते, ती गोष्ट तोवर रक्तात तयारच झालेली नसते.

घाबरलेला माणूस आठव्या-दहाव्या दिवशी टेस्ट करतो, निगेटिव्ह रिपोर्ट हातात पडतो आणि तो निर्धास्त होतो. बायकोला, जोडीदाराला रिपोर्ट दाखवतो आणि कंडोम बाजूला पडतो. समुपदेशनाच्या खोलीत हे सतत ऐकायला मिळतं, आणि दर वेळी जीवाला लागतं, कारण नेमके तेच दिवस सगळ्यात धोक्याचे असतात. म्हणून पहिल्यांदाच टेस्टला निघालेल्यांनी काय करायचं ते इथे क्रमाने लिहितो आहे.

त्याआधी: ७२ तास उलटलेत का?

असुरक्षित संबंध, फाटलेला कंडोम, दुसऱ्याने वापरलेली सुई, बळजबरी यांतलं काही होऊन ७२ तास झाले नसतील, तर टेस्टचा विचार मागाहून करा. आधी पीईपी मिळवा. संसर्ग रुजू नये म्हणून घ्यायच्या या गोळ्या असतात आणि त्या २८ दिवस रोज घ्याव्या लागतात. जितक्या लवकर सुरू कराल तितका उपयोग जास्त, आणि ७२ तासांनंतर त्या सुरू करण्यात अर्थ राहत नाही. "सोमवारी ओपीडी उघडली की जाऊ" असं करू नका. रविवार असो की रात्रीचे दोन, मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा आणि काय झालं, किती वाजता झालं, ते सरळ सांगा. बळजबरी झाली असेल तर गोळ्या मिळणं हा तुमचा हक्क आहे. पोलिसांत तक्रार केली आहे की नाही, यावर उपचार अडत नाहीत.

मित्राकडे उरलेल्या गोळ्या मात्र घेऊ नका. कोणती औषधं एकत्र द्यायची, मूत्रपिंड आणि हिपॅटायटिस बी तपासायचं का, हे डॉक्टरच ठरवतील.

पायरी १: तारीख कागदावर लिहा

मोबाइलचं कॅलेंडर उघडा आणि ज्या दिवशी धोका झाला ती तारीख शोधा. असे प्रसंग एकाहून जास्त असतील तर शेवटचा धरा. लोक बहुधा पहिल्या प्रसंगापासून मोजतात, कारण भीती त्याच दिवशी बसलेली असते. पण हिशेब शेवटच्या तारखेवरून होतो.

धोका म्हणजे काय, हेही एकदा पाहून घ्या. कंडोमशिवाय योनीमार्गाने किंवा गुदमार्गाने संबंध, एकाच सुईचा दोघांनी वापर, संसर्ग असलेलं रक्त चढवलं जाणं, आईकडून बाळाला, हे खरे मार्ग आहेत. मुखमैथुनात धोका फारच कमी असतो, पण तोंडात जखम असेल तर समुपदेशकाला सांगा. गच्च भरलेल्या लोकलमधला घाम, एका ताटातलं जेवण, डास, सार्वजनिक संडास, चुंबन, यांतून एचआयव्ही होत नाही. भीती एवढ्याचीच असेल तर टेस्टची गरजच नाही.

पायरी २: टेस्ट काय शोधते ते समजून घ्या

मुंबईकराला हे डेंग्यूवरून चटकन कळेल. पावसाळ्यात ताप आला की डॉक्टर पहिल्या दोन-तीन दिवसांत एनएस-१ करायला सांगतात आणि आठवडा उलटल्यावर आला असाल तर आयजीएम. का? एनएस-१ हा विषाणूचाच तुकडा, तो आधी दिसतो. आयजीएम ही आपल्या शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली अँटिबॉडी, ती उशिरा येते. दुसऱ्याच दिवशी आयजीएम करून ती निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही, असं कुठलाही शहाणा डॉक्टर म्हणणार नाही.

एचआयव्हीतही तसंच घडतं, फक्त तिथे दिवसांऐवजी आठवडे मोजायचे.

विषाणू शरीरात शिरल्यावर पहिले साधारण दहा दिवस कुठल्याच टेस्टमध्ये काही सापडत नाही. तो त्या काळात ऊतींमध्ये आणि लसीका ग्रंथींमध्ये वाढत असतो, पण रक्तात मोजण्याइतका उतरलेला नसतो. मग त्याचा आरएनए, म्हणजे विषाणूचं जनुकीय द्रव्य, रक्तात दिसू लागतो. आणखी काही दिवसांनी पी-२४ नावाचं प्रथिन दिसतं, हे विषाणूच्या गाभ्याचं आवरण. शरीराच्या अँटिबॉडी येतात त्या सगळ्यांत शेवटी. बहुतेकांच्या रक्तात त्या तीन ते चार आठवड्यांत सापडू लागतात, काहींच्या आणखी उशिरा.

केंद्रांवरच्या आणि बाजारातल्या बहुतेक साध्या रॅपिड किट फक्त अँटिबॉडी शोधतात. म्हणजे संसर्ग झाल्यापासून अँटिबॉडी दिसेपर्यंतचा सगळा काळ त्यांच्यासाठी कोरा. यालाच विंडो पिरियड म्हणतात.

ज्या दिवसांत टेस्ट गप्प असते, त्याच दिवसांत विषाणू सर्वांत जोरात असतो. अँटिबॉडी अजून आलेल्या नाहीत, अडवणारं कोणी नाही, त्यामुळे संसर्गानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास रक्तात दर मिलिलिटरला लाखो विषाणू असू शकतात. जोडीदाराला लागण होण्याची शक्यता या काळात नंतरच्या महिन्यांपेक्षा बरीच जास्त असते. म्हणजे हातात निगेटिव्ह रिपोर्ट आणि अंगात विषाणूचा उच्चांक, या दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकाच दिवशी असू शकतात. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

पायरी ३: आपल्या तारखेला कोणती टेस्ट चालेल?

टेस्टचे ढोबळ तीन प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा विंडो पिरियड वेगळा.

अँटिबॉडी रॅपिड टेस्ट. संसर्ग झाला असेल तर ती धोक्यानंतर २३ ते ९० दिवसांत कधीतरी तो पकडते. म्हणून नव्वद दिवसांनंतरची निगेटिव्ह हीच शेवटची निगेटिव्ह. शिरेतल्या रक्तापेक्षा बोटातून घेतलेल्या रक्तात संसर्ग दिसायला थोडा जास्त वेळ लागतो, याला साधं कारण आहे. अँटिबॉडी रक्तातल्या द्रवात असतात. थेंबभर रक्तात निम्म्याच्या आसपास जागा पेशींनी व्यापलेली असते, म्हणून थेंबातलं अँटिबॉडीचं प्रमाणही तेवढं कमी. शिरेतून रक्त काढून पेशी वेगळ्या केल्या की हाती येणाऱ्या द्रवात ते जास्त असतं. तोंडातला द्राव कापसाच्या बोळ्याने घेऊन करायच्या टेस्टमध्ये अँटिबॉडी याहूनही विरळ, म्हणून तिथे उशीर आणखी.

अँटिजेन-अँटिबॉडी टेस्ट, जिला चौथ्या पिढीची किंवा कॉम्बो म्हणतात. ही पी-२४ आणि अँटिबॉडी दोन्ही शोधते. शिरेतलं रक्त घेऊन लॅबच्या यंत्रावर केली तर १८ ते ४५ दिवसांत संसर्ग पकडते. धोक्याला ४५ दिवस होऊन गेले आणि लॅबची ही टेस्ट निगेटिव्ह आली, तर बहुतेक सर्वांसाठी ते उत्तर पक्कं. कॉम्बो टेस्ट बोटाच्या रक्तावरही मिळते, पण तिला पी-२४ पकडणं लॅबच्या यंत्राइतकं जमत नाही. 'कॉम्बो' हा शब्द पाहून ४५ दिवस धरू नका, बोटावरची असेल तर नव्वदच धरा.

तिसरी, विषाणूचा आरएनए शोधणारी टेस्ट, जिला लॅबवाले पीसीआर किंवा नॅट म्हणतात. ही १० ते ३३ दिवसांत संसर्ग दाखवू शकते. ती महाग असते, सगळीकडे होत नाही, आणि तिच्या निगेटिव्हवरही शेवटची मोहोर उमटवता येत नाही, नंतर अँटिबॉडीची टेस्ट करावीच लागते. शिवाय आपल्याकडे एचआयव्ही-२ हा दुसरा प्रकारही थोड्या प्रमाणात आढळतो आणि एचआयव्ही-१ साठी बनवलेल्या पीसीआरला तो दिसत नाही. ताप, पुरळ अशी लक्षणं आहेत आणि धोका ताजा आहे, तेव्हा डॉक्टर ती सांगतील. मनाच्या समाधानासाठी आपणहून हजारो रुपये घालवू नका.

समजा, धोका ३ ऑगस्टला झाला. १२ ऑगस्टला केलेली रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली, तर त्या नऊ दिवसांबद्दल ती काहीच सांगत नाही. त्याच्या नव्वद दिवस आधी, म्हणजे मेच्या मध्यापूर्वीच संसर्ग होता का, एवढंच तिच्यावरून पक्कं कळतं. १७ सप्टेंबरला ४५ दिवस भरतात, त्या दिवसापासून लॅबची चौथ्या पिढीची टेस्ट चालेल. १ नोव्हेंबरला नव्वद दिवस भरतात, त्यानंतर कुठलीही साधी रॅपिड टेस्ट चालेल. मधल्या काळात आणखी एकदा धोका झाला, तर मोजणी त्या दिवसापासून नव्याने.

मग नवव्या दिवशी जाण्यात काही अर्थ आहे का? आहे. आधीचा संसर्ग असेल तर तो तेव्हाच कळतो, पुढच्या तारखा समुपदेशकाकडून ठरवून घेता येतात, सिफिलिससारखे इतर आजार तपासता येतात. फक्त त्या रिपोर्टला 'मोकळा झालो' असं समजू नका.

पायरी ४: मुंबईत कुठे जायचं?

सरकारी चाचणी केंद्राला सगळे आयसीटीसी म्हणतात. मराठी पाटीवर 'एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र' असं लिहिलेलं असतं. परळचं केईएम, सायनचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर, भायखळ्याचं जे. जे., घाटकोपरचं राजावाडी, विलेपार्ल्याचं कूपर, यांपैकी जे सोयीचं ते. घराजवळ कोणी ओळखीचं भेटेल ही धास्ती असेल तर दुसऱ्या टोकाचं केंद्र निवडा. डोंबिवलीच्या माणसाने परळला जाण्यात काही गैर नाही. मुंबईसाठी स्वतंत्र मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्था आहे, आणि देशभर चालणारी १०९७ ही टोल फ्री हेल्पलाइन आहे. जवळचं केंद्र कुठलं, किती वाजता उघडतं, हे तिथे विचारून मग निघा. ओपीडी सकाळची असते, दुपारी हेलपाटा पडू शकतो.

रुग्णालयात शिरल्यावर केसपेपरच्या रांगेत "एचआयव्ही टेस्ट" असं मोठ्याने म्हणायची पाळी येईल, या भीतीने कित्येक जण फाटकातून परत फिरतात. म्हणायची गरज नाही. "आयसीटीसी कुठे आहे?" एवढं विचारा. शिपाई, वॉचमन, सगळ्यांना ते ठाऊक असतं, कारण गरोदर बायका, टीबीचे रुग्ण, ऑपरेशनचे रुग्ण, सगळेच तिथे जात असतात.

आत आधी समुपदेशक बोलतो. दार लावून बोलतो. तारीख, कसला धोका, जोडीदार कोण, हे विचारतो. लाजू नका, खरं सांगा, पुरुषाचे पुरुषाशी संबंध असतील तर तेही सांगा. तो न्याय करायला बसलेला नसतो, तारीख मोजायला बसलेला असतो. आणि तुम्ही स्वतःहून विचारा: "ही टेस्ट कोणती आहे? माझ्या तारखेला ती पुरेशी आहे का? पुन्हा कधी येऊ?" खोलीबाहेर रांग असते, समुपदेशक घाईत असतो, तरी हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय खुर्ची सोडू नका.

मग तुमची संमती घेऊन रक्त घेतात. बोटावरची टेस्ट असेल तर मधल्या बोटाचं किंवा अनामिकेचं टोक स्पिरिटने पुसतात, वाळू देतात, बारीक टोचतात. पहिला थेंब पुसून टाकतात, दुसरा नळीने उचलून पट्टीच्या खळग्यात सोडतात, वर द्रावणाचे थेंब टाकतात. गुलाबीसर ओल पट्टीवरून वर चढताना दिसते. आधी 'सी' या अक्षरापाशी रेघ उमटायला हवी. ती किट चालू असल्याची खूण. 'सी'ची रेघच आली नाही तर ती टेस्ट बाद, दुसऱ्या पट्टीवर पुन्हा करायची. उत्तर किटवर लिहिलेल्या वेळेतच वाचायचं, ना आधी ना नंतर.

खाजगी लॅबमध्ये जाणार असाल तर 'फुल बॉडी पॅकेज'मध्ये एचआयव्ही आहे एवढ्यावर समाधान मानू नका. रेटकार्डावर 'एचआयव्ही १ व २ अँटिबॉडी' असेल तर ती फक्त अँटिबॉडीची. 'अँटिजेन-अँटिबॉडी', 'कॉम्बो' किंवा 'पी-२४' असा उल्लेख हवा. 'एलिसा' या शब्दावरून काही ठरत नाही, एलिसा तिसऱ्या पिढीची (फक्त अँटिबॉडी शोधणारी) असते आणि चौथ्याही. फोन करून विचारा आणि रक्त शिरेतून घेणार का तेही विचारा.

ऑनलाइन मागवलेल्या घरगुती किटबद्दल माझं मत सांगतो. ती नव्वद दिवसांनंतर, एकदा पक्कं करायला, ठीक. त्याआधी नको. एकट्याने रात्री बाथरूममध्ये पुसट रेघेकडे टक लावून बसण्यात माणसाची काय अवस्था होते, ते समजावून सांगायला तिथे कोणी नसतं. मागवलीच तर मुदत तपासा, उन्हात तापलेल्या पाकिटात आली असेल तर वापरू नका.

पायरी ५: रिपोर्ट वाचा, पण तारखेसकट

निगेटिव्ह किंवा नॉन-रिॲक्टिव्ह: टेस्टच्या तारखेतून त्या टेस्टचा विंडो पिरियड वजा करा. त्या दिवसापर्यंतचं उत्तर हातात आलं. त्यानंतरचं आलेलं नाही. रिपोर्टच्या कोपऱ्यात पेनाने पुढची तारीख लिहून ठेवा.

रिॲक्टिव्ह: एका किटवर रेघ आली म्हणजे पॉझिटिव्ह ठरलं असं नाही. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात एकाच रक्तावर तीन वेगवेगळ्या प्रकारच्या किटवर टेस्ट होते आणि तिन्ही जुळल्या तरच पॉझिटिव्ह म्हणतात. रेघ फिकट असली तरी रेघच, तिला निगेटिव्ह समजू नका. नुकत्याच झालेल्या संसर्गात अँटिबॉडी थोड्या असतात, त्यामुळे रेघ पुसट येऊ शकते.

तिन्ही किटचं एकमत झालं नाही तर अनिर्णित असा शेरा मिळतो. दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. हे दिवस फार जड जातात, हे मला ठाऊक आहे. पण अनिर्णित म्हणजे लपवलेलं पॉझिटिव्ह नव्हे. कधी तो खरोखरच अँटिबॉडी नुकत्या तयार होत असल्याचा काळ असतो, कधी रक्तातलं दुसरंच काहीतरी किटला चकवतं. दिलेल्या तारखेला जा. मधल्या काळात सातआठ लॅब फिरू नका, प्रत्येक ठिकाणी वेगळं यंत्र, वेगळी किट, गोंधळ वाढतो.

पायरी ६: मधले आठवडे

दुसऱ्या तारखेपर्यंत प्रत्येक संबंधाला कंडोम. नवऱ्याशी, बायकोशीसुद्धा. घरात हे कसं सांगायचं, हा इथला सर्वांत अवघड प्रश्न, आणि मी तो सोपा असल्याचा आव आणणार नाही. काही जण "डॉक्टरांनी काही दिवस जपायला सांगितलंय" एवढंच म्हणतात, काही खरं सांगून टाकतात. समुपदेशकाकडे जोडीदाराला घेऊन जाता येतं, तिथे तिसरं माणूस समोर असलं की बोलणं जमतं. काहीही मार्ग काढा, पण कंडोम सोडू नका.

रक्तदान अजिबात करू नका. गणेशोत्सवात, नेत्याच्या वाढदिवशी, ऑफिसमध्ये शिबिरं लागतात आणि "तिथे टेस्ट आपोआप होईल" या हिशेबाने लोक बाटलीभर रक्त देऊन मोकळे होतात. रक्तपेढीच्या टेस्टलाही विंडो पिरियड असतो. ते रक्त थॅलेसेमियाच्या एखाद्या लहान मुलाला चढू शकतं. स्वतःच्या शंकेसाठी रक्तपेढी वापरणं मला अक्षम्य वाटतं.

ताप, घसा दुखणं, मानेत-काखेत गाठी, अंगावर पुरळ, खूप थकवा, हे संसर्गानंतर दोन ते चार आठवड्यांत होऊ शकतं. काहींना काहीच होत नाही. जुलै-ऑगस्टच्या मुंबईत अशा तापाला डेंग्यू, लेप्टो, व्हायरल अशी दहा नावं असतात आणि बहुधा त्यांतलंच एखादं निघतं. त्यामुळे लक्षणांवरून स्वतःचा निकाल लावू नका. पण डॉक्टरकडे गेलात तर धोक्याची तारीख जरूर सांगा. ती सांगितली नाही तर एचआयव्हीचा विचार त्यांच्या मनात यायचं कारणच नाही, आणि आला तरी ते साधी रॅपिड करून निगेटिव्ह म्हणतील. तारीख कळली तर चौथ्या पिढीची टेस्ट किंवा पीसीआर सांगतील.

बाळाला पाजणाऱ्या आईला असा धोका झाला असेल तर तिने थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरला सांगावं. आईला ताजा संसर्ग असेल तर दुधातून बाळाला लागण होण्याची शक्यता वाढते. आणि लहान बाळाच्या बाबतीत अँटिबॉडीच्या टेस्टचा उलटाच घोटाळा होतो. आईच्या अँटिबॉडी बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, त्यामुळे बाळाला संसर्ग नसतानाही रॅपिड टेस्ट रिॲक्टिव्ह येते. म्हणून बाळांची पीसीआर करतात, पहिली सहा आठवड्यांच्या सुमारास.

पीईपी घेतली असेल, किंवा रोजची प्रेप (धोका होण्याआधीपासून घ्यायची प्रतिबंधक गोळी) चालू असेल, तर ही औषधं अँटिबॉडी उशिरा दिसायला कारण ठरू शकतात. अशा वेळी वरचे ४५ आणि ९० दिवस जसेच्या तसे लावू नका. पीईपीवाल्यांनी शेवटच्या गोळीपासून मोजावं आणि केंद्राने दिलेली एकही तारीख चुकवू नये.

पायरी ७: पुन्हा जा, आणि मग थांबा

दुसरी टेस्ट हीच खरी टेस्ट, पण तिला येणारे थोडे. भीती ओसरलेली असते, कामाला खाडा करायचा नसतो. तारीख मोबाइलच्या अलार्मवर लावा.

उलट बाजूचे लोकही आहेत. दर आठवड्याला टेस्ट, नव्वद दिवसांनंतर निगेटिव्ह आली तरी सहा महिन्यांनी पुन्हा, वर्षाने पुन्हा. पूर्वी सहा महिन्यांपर्यंत थांबा असं सर्रास सांगत, ते जुन्या किटच्या काळातलं. मधे नवा धोका झालेला नाही, पीईपी किंवा प्रेप घेतलेली नाही, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू नाहीत, आणि नव्वद दिवसांनंतरची टेस्ट निगेटिव्ह आहे, तर तो विषय तिथे संपला. तरीही झोप लागत नसेल तर पुन्हा रक्त देण्यापेक्षा समुपदेशकाशी बोला.

ज्यांचे जोडीदार बदलत राहतात त्यांनी 'धोका झाला की टेस्ट' असं करण्यापेक्षा दर तीन ते सहा महिन्यांनी ठरवून टेस्ट करावी आणि प्रेपबद्दल डॉक्टरांना विचारावं. खाज, जखम, स्राव असलं काही असेल तर सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये दाखवा, उपचार मोफत असतात. गुप्तरोगाची जखम असली की एचआयव्ही लागण्याची शक्यता वाढते.

लग्नाआधी एकमेकांचे रिपोर्ट पाहणारी मुलंमुली आता पुष्कळ आहेत, चांगलं आहे. पण दोघांनीही आपापल्या शेवटच्या धोक्यापासून नव्वद दिवस मोजून मग टेस्ट केली असेल तरच त्या कागदाला अर्थ आहे. आणि एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला लागू पडत नाही, जोडीदार निगेटिव्ह म्हणून मीही निगेटिव्ह हे गणित चुकीचं.

पॉझिटिव्ह आलं तर

केंद्रच तुम्हाला एआरटी सेंटरशी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं देणाऱ्या केंद्राशी, जोडून देतं. औषधं मोफत आणि आयुष्यभर. २०१७ पासून आपल्याकडे प्रतिकारशक्तीच्या (सीडी-४) पेशींचा आकडा खाली येण्याची वाट न पाहता निदान होताच उपचार सुरू करतात. आता बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅविर ही तिन्ही औषधं असलेली दिवसाला एकच गोळी पुरते. ती नियमित घेतली आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) मोजता न येण्याइतका खाली राहिला, तर संबंधांतून जोडीदाराला लागण होत नाही. नोकरी, लग्न, मुलंबाळं, सगळं होतं. संसर्ग ताजा असताना पकडला गेला तर फायदा आणखी, प्रतिकारशक्ती फार ढासळायच्या आत औषध सुरू होतं.

कायदाही पाठीशी आहे. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ मध्ये झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय टेस्ट करता येत नाही, नोकरी देण्यासाठी टेस्टची अट घालता येत नाही, कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर रिपोर्ट परस्पर कोणाला सांगता येत नाही. कोणी तसं केलं तर वर सांगितलेल्या मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्थेकडे तक्रार करा.

दुसऱ्या खेपेला जाताना पहिला रिपोर्ट, केसपेपर, चालू औषधांची चिठ्ठी आणि कागदावर लिहिलेली ती तारीख सोबत घ्या. उपाशीपोटी जायची गरज नाही.